बद्रीनानांची निळी नावं

बद्रीनानांवर मी गेली सोळा वर्षं आठवड्यातून एकदा तरी चिडत आले आहे. ते माझ्यावर एकदाही चिडलेले नाहीत, आणि मला त्याचाही राग येतो. "व्हय म्याडम, बराबर हाय तुमचं" असं म्हणून हा माणूस मान डोलावणार आणि मग शांतपणे आपल्याच पद्धतीनं काम करणार. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

मी शाळेत विज्ञान आणि संगणक शिकवते. नाना शाळेचे कनिष्ठ लिपिक. नोकरीला एकतीस वर्षं झाली तरी कनिष्ठच, कारण बढतीची परीक्षा होती त्या दिवशी ते पाचोडच्या कुणा म्हातारीला तिच्या नवऱ्याचा जुना दाखला शोधून देत बसले होते. हे त्यांनी कधी सांगितलं नाही, पारूबाईंनी सांगितलं. पारूबाई आमच्या शाळेच्या सेविका. शाळेतली कुठलीही गोष्ट आधी त्यांना कळते, मग मुख्याध्यापकांना.

नाना राहतात फुलंब्रीला. मक्याचं रान धाकटा भाऊ बघतो, नाना रोज सकाळच्या एसटीनं शहरात येतात. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत भाकरी, ठेचा आणि एक भिंग. भाकरी दुपारी संपते, भिंग दिवसभर चालतं.

भिंग लागतं ते रजिस्टरांसाठी. आमची शाळा निजामाच्या काळातली. शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाचं नाव दाखल-खारीज रजिस्टरात चढतं. कधी आला, बापाचं नाव काय, गाव कोणतं, जात, जन्मतारीख, आणि अगदी शेवटच्या रकान्यात शाळा कधी सोडली. जुनी रजिस्टरं उर्दूत आहेत आणि साल निजामाच्या काळचं, फसली. त्यात पाचशेनव्वद मिळवले की आपलं साल येतं. एखाद्याच्या पणजोबाचं नाव त्यात सापडलं, तर आज त्याच्या पणतीचा जातीचा दाखला पडताळणीत टिकतो आणि तिचा प्रवेश पक्का होतो. म्हणून जिल्ह्यातून माणसं येतात आणि नानांच्या टेबलापुढे उभी राहतात.

नोकरीला लागले तेव्हा नानांना उर्दूचं अक्षरही येत नव्हतं. शाळेतून निवृत्त झालेले काझी सर तेव्हा शहरातल्याच बुढीलेन मोहल्ल्यात राहायचे. नाना दोन वर्षं शाळा सुटल्यावर त्यांच्या ओट्यावर जाऊन उर्दू शिकले आणि रोज फुलंब्रीची शेवटून दुसरी गाडी धरून घरी गेले. काझी सरांनी गुरुदक्षिणा म्हणून एकच गोष्ट मागितली होती. दाखल्यासाठी आलेल्या माणसाला "रेकॉर्ड नाही" असं कधी म्हणायचं नाही. नानांनी तो शब्द पाळला. ते म्हणतात, "अजून सापडलं नाय." काही माणसं सहा-सहा वर्षं हेच ऐकतायत आणि तरी दर दिवाळीला नानांना फराळ आणून देतायत. मी मुख्याध्यापक असते तर या सगळ्या प्रकाराला केव्हाच आळा घातला असता. बरं झालं मी नाही.

तीन वर्षांपूर्वी संस्थेनं जुन्या रजिस्टरांचे फोटो काढून घेतले, कारण पान उलटलं की कोपरा हातात यायला लागला होता. एकूण चार हजार एकशे बारा फोटो झाले. फोटो काढणाऱ्यांनी जे रजिस्टर हाताला लागलं ते आधी उरकलं, फोटोंना नुसते आकडे दिले, आणि सगळा ऐवज ऑफिसच्या संगणकात टाकून ते निघून गेले. आता एखादं नाव शोधायचं म्हणजे चार हजार फोटो उघडत बसायचं. मुख्याध्यापक म्हणाले, शाळा डिजिटल झाली. दुसऱ्या दिवशी नाना संगणक कक्षाच्या दारात येऊन उभे राहिले.

"म्याडम, मी एक यादी करतो म्हन्तो. नाव, बापाचं नाव, गाव, आल्याचं साल, गेल्याचं साल. पर नावावर बोट ठेवलं की त्याचं पान उघडाया पायजे. असं व्हतं का?"

होतं म्हटलं. शीटमध्ये एक नाव टाइप करून दाखवलं. त्यावर माउसचं उजवं बटण, लिंक, फोल्डरमधला फोटो निवडायचा, ओके. नाव निळं झालं, खाली रेघ आली. क्लिक केलं तर पडद्यावर पान उघडलं, पिवळं, कडा खाल्लेलं, उर्दू अक्षरांचं.

नानांनी पडद्याला भिंग लावून ते पान बघितलं. मग त्यांनी ते पान बंद केलं आणि स्वतः क्लिक करून उघडलं. पुन्हा बंद केलं. पुन्हा उघडलं. माझा आठवी ब चा तास बुडाला, त्या दिवशीचं माझं चिडणं तिथं झालं.

त्यानंतर तीन वर्षं नाना एकेक नाव निळं करत होते. मी सांगितलं, नाना, नुसता फोटोचा आकडा एका रकान्यात टाकत जा, मी सूत्र लिहून देते, सगळ्या लिंका एका झटक्यात होतील. त्यावर ते म्हणाले, "तुमचं बराबर हाय. पर जोडून झाल्यावर परत्येक पान मी उघडून बघतो. नाव त्याच पानावर हाय का नाय, ते तुमचं सूत्र बघंल व्हय?" बरं, निदान आकडा तरी लिहा, कधी लागला तर? "आकडा निळ्या नावातच हाय की म्याडम." हे खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला. अकरा हजारांवर नावं झाली. मूळ रजिस्टरं गेल्या उन्हाळ्यात डागडुजीसाठी पुण्याला गेली, ती अजून आलेली नाहीत. पण कुणाचं काही अडलं नाही. माणूस यायचा, नाना यादीत नाव काढायचे, क्लिक करायचे, पानाची छापील प्रत निघायची, तिच्यावर मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का. जे काम आठवडा खायचं ते दहा मिनिटांवर आलं.

आता निशाची गोष्ट सांगते.

निशा बिडकीनकडची, बारावीला उत्तम गुण, नर्सिंगच्या पदवीला नंबर लागलेला. वडील अतुल तिकडच्याच एका कंपनीत फिटर. घर बौद्ध, राखीव जागेवर प्रवेश, आणि पडताळणी समितीनं त्रुटी काढलेली. १९५०च्या आधीचा शाळेचा पुरावा जोडा, शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत. नाही जोडला तर दाखला रखडणार आणि जागा पुढच्या मुलीला जाणार. त्यांच्या घरात पुरावा म्हणून एकच गोष्ट होती, आजीच्या तोंडची. पणजोबा धोंडिबा लहानपणी मामाकडे शहरात राहिले होते आणि काही महिने "मोठ्या शाळेत" गेले होते. अतुल चार शाळा हिंडून आमच्याकडे आला. नानांनी यादीत बघितलं, धोंडिबा सापडले. गावही तेच, बापाचं नावही तेच. मुख्याध्यापक रजेवर होते, म्हणून नाना त्याला म्हणाले, "दसरा झाला की शुक्रवारी या. पान हातात देतो, ही माझी जबान."

मधे खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे शाळेतल्या सगळ्या हत्यारांची पूजा होते. प्रयोगशाळेचे चिमटे, माळ्याचं खुरपं, शाळेची घंटा आणि अलीकडे संगणकही. पारूबाईंनी ऑफिसच्या संगणकाला झेंडूची माळ घातली, नानांनी हळदकुंकू वाहिलं. मी लांबून बघत होते. कुंकू की-बोर्डात जातं म्हणून दरवर्षी मी बोलते, यंदा बोलायचं नाही असं ठरवलं होतं. पूजेनंतर नाना काही वेळ संगणकापुढे बसले होते, एवढं मला आठवतं. मी घरी गेले.

शुक्रवारी माझं दुसऱ्या शाळेत प्रशिक्षण होतं, फोन बंद ठेवायला लावला होता. अडीचला सुटले, फोन चालू केला, तर ऑफिसच्या नंबरवरून सतरा वेळा फोन आलेला. परत केला तर पारूबाईंनी उचलला. "म्याडम, लौकर या. नानानं सकाळधरनं पानी बी नाय पेलं."

मी स्कूटी काढली. ऑफिसात पोहोचले तेव्हा पावणेतीन वाजले होते. नाना संगणकापुढे, भिंग हातात, पडद्यावर एकामागून एक फोटो. बाकावर अतुल, कंपनीच्या निळ्या गणवेशात, अर्धा दिवस रजा टाकून आलेला, ती रजाही आता संपलेली. शेजारी निशा, मांडीवर प्लॅस्टिकची फाइल. दोघं सकाळी साडेदहापासून बसले होते आणि एका शब्दानं कुणाला काही बोलले नव्हते. कुणी आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं.

"काय झालं?"

नानांनी माझ्याकडे बघितलं नाही. "एक बी नाव उघडंना म्याडम. धोंडिबाचं नाय, कुनाचंच नाय. क्लिक केलं की म्हन्तं फाइल सापडत नाही. समदी अकरा हजार मेली." मग हळू आवाजात म्हणाले, "येक येक फोटो बघतोय. साडेनऊशे झाले. पान बघितलं की वळखंन मी."

साडेनऊशे चार तासांत. उरलेल्या एकतीसशे फोटोंचा हिशेब मी मनात केला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणून सांगत होते आकडा वेगळा लिहा! सांगत होते की नाही?" मी बाहेरच्या माणसांसमोर बोलले. नाना म्हणाले, "बराबर हाय तुमचं." पण यावेळी त्यांची मान डोलली नाही. त्यांनी पुढचा फोटो उघडून भिंग लावलं, आणि सोळा वर्षांत मला पहिल्यांदाच माझ्या चिडण्याची लाज वाटली.

मी त्यांना उठवलं नाही, शेजारी खुर्ची ओढली. "धोंडिबांचं नाव दाखवा." त्यांनी यादीतली ओळ काढली. मी क्लिक केलं नाही, नुसता बाण नावावर नेऊन धरला. असं केलं की ती लिंक कुठल्या पत्त्यावर जाते ते बारीक अक्षरात दिसतं. पत्ता दिसला. फोल्डरचं नाव "दाखल रजिस्टर", पुढे फोटोचा आकडा. मग मी संगणकातलं फोल्डर उघडायला गेले, तर तिथं "दाखल रजिस्टर" नावाचं फोल्डरच नव्हतं. होतं ते "श्री दाखल रजिस्टर".

"नाना, हे श्री कुणी घातलं?"

"मीच की. खंडेनवमीला." नानांचे डोळे पडद्यावरच होते. "आपल्या परत्येक नव्या रजिस्टराच्या पयल्या पानावर मी श्री लिहितो म्याडम. एकतीस वर्षं लिहितोय. ह्या कामाला तेवढं ऱ्हायलं व्हतं. तुम्हीच शिकीवलं ना फोल्डरचं नाव कसं बदलायचं ते."

आमच्या लेटरहेडवर शहराचं नाव औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, तरी जुन्या पत्त्यावरची पत्रं पोस्टमन अजून बिनचूक आणून देतो, कारण त्याला शाळा माहीत आहे. संगणक पोस्टमन नाही. त्याला सांगितलेल्या नावाचं घर दिसलं नाही की तो दारातूनच परत फिरतो. हे मी नानांना सांगितलं, होईल तेवढ्या हळू आवाजात.

नाना पडद्यावरून माझ्याकडे वळले. "म्हंजी श्रीमुळं?" ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "पूजेनं कुनाचं वाईट व्हतं व्हय?"

"वाईट काही झालेलं नाही. सगळी नावं जागेवर आहेत. फक्त फोल्डरचं नाव होतं तसं करायचं."

मी फोल्डरवर उजवं बटण दाबलं, नाव बदला निवडलं. श्रीच्या पुढं बारीक काळी रेघ लुकलुकायला लागली. आता ते श्री खोडायचं होतं. माझा देवाधर्माशी फारसा संबंध नाही, तरी माझं बोट क्षणभर थांबलं. शेजारी बघितलं तर नानांनी डोळे मिटून हात जोडले होते. ते म्हणाले, "खोडा. ल्येकराचं काम आधी." मी खोडलं.

मग मी धोंडिबांच्या नावावर क्लिक करणार, तेवढ्यात नानांनी माझा हात अडवला. बाकाकडे बघून म्हणाले, "निशा, हिकडं ये बाळा. तुझ्या पंज्याचं नाव हाय, तूच उघड."

निशा आली. फाइल काखेत तशीच. तिनं माउस हातात घेतला आणि निळ्या नावावर क्लिक केलं. एक क्षण काही झालं नाही. मग पान उघडलं.

अतुलचा जीव भांड्यात पडला तो मला दिसला. तो बाकावरून उठला, परत बसला, मग भिंतीला धरून उभा राहिला. पारूबाई दारात होत्या, त्यांनी पदरानं तोंड पुसलं. निशा मात्र पडद्याकडे नुसती बघत होती, कारण तिला त्यातलं अक्षरही वाचता येत नव्हतं. ते नानांच्या लक्षात आलं. त्यांनी खुर्ची जवळ ओढली, भिंग पडद्याला लावलं आणि उजवीकडून डावीकडे बोट सरकवत एकेक रकाना तिला वाचून दाखवला. नाव धोंडिबा. बापाचं नाव राणोजी. गाव बिडकीन. जातीच्या रकान्यात त्या काळी जे लिहायचे तेच लिहिलेलं होतं. नानांनी तेही वाचलं, आवाज न बदलता. शाळेत आल्याची तारीख, साल तेराशे बावन्न फसली.

"म्हणजे एकोणीसशे बेचाळीस," मी म्हटलं.

शेवटच्या रकान्यावर नानांचं बोट थांबलं. त्यांनी भिंग पुढंमागं केलं, पडद्याला नाक लागेल इतके वाकले. मला वाटलं, आता हे आणखी काय? घड्याळात सव्वातीन वाजून गेले होते.

"शाळा सोडल्याची तारीख लिहिलीच नाय," नाना म्हणाले. "वरच्या पोरांची हाय, खालच्या पोरांची हाय. ह्याचं नाव कमी केलंच नाय कुनी."

"त्यानं अडेल का काही?" अतुलनं विचारलं. तेवढंच तो दिवसभरात बोलला.

"नाय. आल्याची तारीख पायजे त्यास्नी, ती हाय." मग नाना निशाकडे वळून म्हणाले, "जायाचं लिहिलंच नाय, म्हंजी कागदावर तुझा पंजा अजून शाळंतच हाय."

निशा इतका वेळ धीरानं बसलेली मुलगी, ती तेव्हा रडली. नाना घाबरले, म्हणाले, रडू नगं, मुख्याध्यापक चारला जात्यात, सही घेऊ दे. प्रिंटरमधून पान निघेपर्यंत ते उभेच होते. कागद गरम असतानाच सहीला घेऊन गेले, शिक्का मारला, फुंकर घालून वाळवला आणि दोन्ही हातांनी निशाच्या फाइलमध्ये ठेवला. "समितीच्या हाफिसात आवक शिक्का मारून पोच घ्या, तोंडी भरवशावर ऱ्हावू नका," एवढं अतुलला बजावलं. बापलेक मोटारसायकलवर बसून गेले. साडेचारला अतुलचा फोन आला, पोच मिळाली. मग नानांनी पिशवीतली भाकरी काढली. सकाळची भाकरी, पार वातड झालेली. पारूबाईंनी चहा केला आणि नानांनी ती चहात बुडवून खाल्ली. मला त्यांची फार माया आली, पण ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

सोमवारी मी लवकर गेले. ऑफिसचा संगणक उघडला, नानांच्या यादीच्या सगळ्यात वर एक कोरी ओळ घातली, सगळे रकाने एकत्र केले आणि मधोमध मोठ्या अक्षरात लिहिलं, श्री. अकरा हजार नावांच्या वर. मग चार-पाच नावं उघडून बघितली, सगळी उघडली. शीटमध्ये वर कितीही श्री लिहा, कुठली लिंक तुटत नाही. नाना आले, पिशवी खुंटीला लावली, पडदा बघितला.

"हितं चालतं व्हय?"

"इथं चालतं. फोल्डरला हात लावायचा नाही."

"बराबर हाय तुमचं," ते म्हणाले, आणि यावेळी मान डोलली.

मी आणखी एक काम काढलं होतं. यादीत जो रकाना रिकामा असेल तो पिवळा दिसावा अशी सोय मी पूर्वी करून ठेवली होती, म्हणजे राहिलेलं काम नजरेत यावं. धोंडिबांच्या ओळीत शेवटचा, शाळा सोडल्याचा रकाना पिवळा होता. नानांनी तो तसाच सोडला होता, आणि मला पिवळं दिसलं की चैन पडत नाही. मी तिथं "नोंद आढळत नाही" असं टाइप करायला घेतलं. सरकारी भाषा, नियमाला धरून.

नानांनी मागून बघितलं. यावेळी ते "बराबर हाय तुमचं" म्हणाले नाहीत.

"ते राहू द्या म्याडम," ते म्हणाले. "शिकू द्या त्याला."